ऐकायचे असेल तर भिवंडीस यावे

ब्राह्मण आळी, भिवंडी
रविवार, २० एप्रिल

चि. सौ. अदितीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

खटक-खट, खटक-खट. आज पहाटे जाग आली ती या आवाजाने. उठून बसलो तर खोलीत सगळे शांत. हल्ली माझ्या कानांत बाहेरचे फारसे काही शिरत नाही, पण आत साठलेले मात्र वाजत राहते. हा आवाज निजामपुऱ्यातल्या आमच्या शाळेचा. माझ्या वर्गाच्या भिंतीला लागून यंत्रमागाचा कारखाना होता. पहिल्या वर्षी मी त्या खडखडाटाशी भांडलो, दुसऱ्या वर्षी सलगी केली. मागाच्या ठेक्यावर सगळ्या कविता बसवल्या. पन्नास पोरे एका सुरात, भिंतीपलीकडे माग, आणि मधे मी हात हलवत उभा. अहाहा! एकदा तपासणीचे साहेब आले. मी ऐटीत पोरांना कविता म्हणायला सांगितली, तर सगळी उभी राहिली आणि गप्प. एकाच्या तोंडून शब्द फुटेना. साहेबांचा चेहरा आंबट ताक प्यायल्यासारखा. मग माझ्या ध्यानात आले, आज शुक्रवार, माग बंद. मी मुठीने टेबलावर ठेका धरला मात्र, सगळा वर्ग धबाबा सुरू झाला.

हे पुराण लावले ते उगाच नव्हे. तुझे पत्र आणि सोबतचा तक्ता परवा पोचला. वल्लरीच्या शाळेने कळवलेले वाचून ताट बाजूला सारले. वर्षभर वर्गात एक शब्द बोलली नाही, म्हणून तिला पहिलीत न घालता पुन्हा सीनियर केजीतच ठेवायचे. जूनमध्ये बाईंसमोर बसून चार ओळी मोठ्याने वाचल्या आणि विचारले त्याला उत्तर दिले, तरच पहिली. सहा वर्षांच्या पोरीला ही कोर्टाची तारीख! घरात ती बोलते, हळू का होईना. मग वर्गात का मिटते, हे शाळेने पोरीला विचारण्याआधी स्वतःला विचारायला हवे होते. पोरे मुकी नसतात गं, कुठला तरी माग बंद पडलेला असतो.

आता तुझा तक्ता. कष्ट दिसतात, रंगही छान. पण सुट्टीचा दिवस इतक्या चौकटींत कोंबलेला मी आजवर पाहिला नाही. सकाळी कार्डे, मग टॅबवर इंग्रजी उच्चारांचा वर्ग, मग तांदळात हात घालून अर्धा तास स्पर्शाचा खेळ. हे शेवटचे अनसूयेला वाचून दाखवले. ती म्हणाली, हात घालणारच आहेत तर खडेही काढून ठेवू देत.

स्पष्ट लिहितो, रागावू नकोस, किंवा रागाव. हा तक्ता मी या घरात चालू देणार नाही. मुले दोघेही माझ्याकडे पाठव, मे महिना आणि वर जूनचे जेवढे दिवस मिळतील तेवढे. गंधार आठ वर्षांचा घोडा आहे, त्याची काळजी नाही. वल्लरीला मी बोलती करून पाठवतो. तुझ्या सासूबाई गेल्यापासून अनसूया, माझी ही धाकटी बहीण, घर सांभाळते आहे, तिच्या हातचे खाऊन कोणी वाळले नाही. शिकवायचे माझ्याकडे लागले.

राहिले कानयंत्र. केदारने बापासाठी पाठवलेले कपाटात सुखरूप आहे. ते लावले की पंख्याची घरघर आणि ताटल्यांचा खणखणाट तेवढा ऐकू येतो, माणसाचे बोलणे ते गाळून टाकते. मी ते लावणार नाही.

लोभ आहे तो या हट्टाने पातळ होऊ देऊ नकोस.
चिंतामणीचे आशीर्वाद


पुणे
गुरुवार, २४ एप्रिल

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर आपण दोघं ओरडतो आणि शेवटी तिसऱ्याच गोष्टीवर आपलं एकमत होतं, म्हणून पुन्हा पत्रच. ऑफिसच्या डब्याच्या वेळेत लिहितेय. अक्षराला नावं ठेवू नका.

तक्त्याची तुम्ही जी थट्टा केलीत ती मी हसत वाचली आणि मग मला रडू आलं. तुमच्याइतकी वर्षं मी फळ्यासमोर काढलेली नाहीत, मान्य. पण शाळेत त्या बुटक्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन मी बसले होते. वल्लूच्या वर्गाच्या नेत्रा मिस समोर होत्या. बाई वाईट नाहीत, पण इंग्रजी इतकं इस्त्री केलेलं बोलतात की मलाच येस मिस म्हणून उभं राहावंसं वाटतं. त्यांनी सांगितलं, हजेरीला वल्लू हात वर करते, तोंड उघडत नाही. पाणी हवं असलं तरी बाटली दाखवते. एक वर्ष झालं, मी तुमच्या मुलीचा आवाज ऐकलेला नाही, असं त्या म्हणाल्या. बाबा, हे ऐकून घरी आल्यावर माणूस तक्ताच करणार. दुसरं काय करणार?

केदार चेन्नईला आहे, जून संपेपर्यंत तिकडेच. त्याचं मत विचारलं तर म्हणतो, बाबा म्हणतात तेही बरोबर आणि तू म्हणतेस तेही. या माणसाशी भांडायची सोय नाही, म्हणून तुमच्याशी भांडते.

मुलं एक मेला पाठवते. पण माझ्या अटींवर. तक्ता फ्रीजवर लागला पाहिजे. ऑनलाइन वर्ग चुकता कामा नये. उन्हात हिंडवायचं नाही. आणि कानयंत्र लावायचं, यात मी एक पाऊलही मागे घेणार नाही. कारण सांगते. वल्लू आधीच मनाचा हिय्या करून हळूच काहीतरी बोलणार, तुम्ही कानावर हात धरून काय, काय करणार, आणि ती पुन्हा कायमची मिटणार. मला रात्रंदिवस हीच भीती वाटते. इथल्या एका शिबिरात तिचं नाव घालून ठेवलंय. तिथे बोलण्याचे धडे देतात. पंधरा मेपर्यंत काही फरक दिसला नाही तर मी येऊन तिला घेऊन जाईन. तेव्हा अडवू नका.

आत्यांना सांगा, गंधारला रोज आंबा देऊ नका, अंगावर फोड येतात.

रागाच्या खालच्या थरात माया आहे, ती ओळखून घ्यावी.
तुमची सून,
अदिती


भिवंडी
गुरुवार, ८ मे

चि. सौ. अदितीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मुले मजेत. गंधारला आंबा रोज देत नाही. तो रोज घेतो. फोड अजून नाहीत.

तक्ता फ्रीजवर लावला आहे, शब्द पाळला. फक्त तोंड आतल्या बाजूला आहे. मागचा कोरा भाग मुलांना फार आवडला, त्यावर त्यांनी रेघोट्यांचा संसार मांडला आहे. टॅब दोन दिवस चालवला. त्यातली बाई सारखी व्हेरी गुड म्हणते, मुलाने काही केले तरी आणि न केले तरी. अशा स्तुतीची मला भीती वाटते. तिला ठेवले उशीखाली.

आमची शाळा अशी भरते. सकाळी ऊन चढायच्या आत रिक्षाने हायवेवरच्या वडप्याला. तिथे माझा जुना विद्यार्थी चिंधू राहतो. शेत गोदामाला भाड्याने दिले, घर आणि ओटा मात्र राखला. ओट्यासमोरून हायवेचा सगळा हिंदुस्थान जातो. कंटेनर, ट्रेलर, दहा चाकी, चौदा चाकी. पाटीवरची अक्षरे वाचून गाडी कोणत्या राज्याची ते ओळखायचे, पाठीमागे लिहिलेले वाचायचे, आत काय भरले असेल ते ठरवायचे. भूगोल, वाचन आणि कल्पनाविलास, तिन्ही विषय एका बैठकीत! चिंधू चहा आणून देतो आणि म्हणतो, मास्तर, तुमची शाला अजून सुटली न्हाय वाटतं. मी म्हणतो, सुटणारही नाही. एका ट्रकच्या पाठीवर लिहिले होते, हॉर्न धीरे बजा, क्लीनर सो रहा है. तेव्हापासून दुपारी अनसूया लवंडली की वल्लरी सगळ्या घराला बजावते, धीरे बजा, आत्याआजी सो रही है. अनसूयेला काही फरक पडत नाही. ती झोपली की खाली बँड वाजला तरी कूस बदलत नाही.

घरी आल्यावर कापड. शेजारच्या कारखानदाराने कोऱ्या कापडाचा एक ताका खेळायला दिला आहे. तो जिन्याच्या वरून खालपर्यंत सोडायचा आणि मोजायचा. आधी माझ्या वितीने, मग गंधारच्या, मग वल्लरीच्या. एकच कापड तिघांचे तीन मापांचे कसे भरते, यावर गंधार दोन दिवस वाद घालत होता. अखेर वल्लरीने निकाल दिला की कापड तेवढेच आहे, आजोबांचा हात जास्त जागा खातो. हे कुठल्या पुस्तकात आहे, सांग.

आणि संध्याकाळी कविता. दिवसभरात पाहिलेल्या गोष्टीवर दोन ओळी जुळवायच्या, टाळीवर म्हणायच्या. कालची वल्लरीची ही, तिच्या शब्दांत:

ट्रकवाल्या ट्रकवाल्या, केरळहून आलास,
नारळ कुठे सांडलेस, रिकामा कसा झालास?

यमक बघ! आणि हे तिने खाटेवर उभे राहून, छातीत हवा भरून म्हटले. खालच्या मजल्यावरच्या जानकीबाई विचारायला वर आल्या की कोण भांडते आहे. अदिती, पोरीचा आवाज सुटला. मी म्हटले नव्हते? ठेका मिळाला की मूल बोलते. हा विजय कवितेचा आहे. तुझ्या पंधरा तारखेला माझा नमस्कार. शिबिरातले नाव काढून टाक.

कानयंत्र कपाटातच आहे, हे प्रामाणिकपणे कळवतो.

मायेचा थर खोल आहे हे जाणून आहे.
चिंतामणीचे आशीर्वाद


भिवंडी
त्याच दिवशी

प्रिय आई,
तुला नमस्कार.

हे पत्र मी आजोबांच्या पाकिटात हळूच घालतोय. त्यांनी वाचलेलं नाही. त्यांनी लिहिलंय की वल्लू कवितेमुळे बोलायला लागली. ते खरं नाही. मी खरं सांगतो.

वडप्याला आजोबांना लांबची पाटी दिसत नाही आणि आपलं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून त्यांनी नियम केला की त्यांना ऐकू आलं तरच ट्रक आपल्या नावावर. मी ओरडायचो म्हणून सगळे ट्रक माझे झाले. वल्लू हळू बोलायची म्हणून तिचा एकही नाही. ती बरोबर सांगायची तरी आजोबा म्हणायचे, काय? ते रागावत नाहीत, हसतही नाहीत. कान पुढे करतात आणि थांबतात. कितीही वेळ थांबतात. मला सांगू पण देत नाहीत. मी तिचं सांगितलं तर माझा एक ट्रक जातो. मग एकदा तमिळनाडूचा खूप मोठा ट्रेलर आला. त्याच्यावर पवनचक्कीचं पातं होतं. वल्लूला तो हवाच होता. ती ओट्यावर उभी राहिली आणि इतकी जोरात ओरडली की ड्रायव्हरने पण बघितलं. चिंधूकाका म्हणाले, पोरगी हाय का भोंगा. आता ती सगळंच ओरडून सांगते. दुकानांच्या पाट्या पण. मला कंटाळा आलाय.

अजून एक गुपित. आजोबांनी वल्लूच्या शाळेच्या प्रिन्सिपलना पत्र पाठवलंय. पत्ता तिच्या दप्तरावरून घेतला. मीच पेटीत टाकलं. तू रागावणार असलीस तर मी टाकलं हे विसर.

तुझा,
गंधार

ता. क. फोड आले होते, पण गेले.


पुणे
बुधवार, १४ मे

ती. स्व. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

काय केलंत हे, बाबा? मी मीटिंगमध्ये असताना प्रिन्सिपल बाईंचा फोन. माझ्या सासऱ्यांचं पत्र आलंय म्हणे, मोडी वळणाच्या मराठीत, ते त्यांना ऑफिसातल्या क्लार्ककडून वाचून घ्यावं लागलं. त्यातलं एक वाक्य त्यांनी मला तसंच्या तसं ऐकवलं. मूल बोलत नाही अशी तक्रार करण्याआधी शाळेने आपले कान तपासून घ्यावेत, आणि वल्लरीचे वाचन ऐकायचे असेल तर भिवंडीस यावे, चहा मिळेल. चहा मिळेल! मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. तुम्हाला ठाऊक आहे का, तिला पहिलीत घ्यायचं की नाही हे त्याच लोकांच्या हातात आहे? मी तोंडातून माफीचा म काढलाच होता.

पण त्या पुढे बोलत गेल्या. म्हणाल्या, सुट्टीत मुलीला अशा ठिकाणी ठेवणं योग्य नाही. ती धूळ, ते माग, ते ट्रक, मुलांना एक्स्पोजर मिळत नाही. आणि आजोबांचं वय बघता त्यांना मुलांचं काय कळणार. बाबा, तिथे माझं डोकं फिरलं. तुमच्यावर रागवायचा हक्क माझा आहे, त्यांचा नाही. मी सांगितलं की माझी मुलगी महाराष्ट्राबाहेरची सगळी राज्यं ट्रकवरून ओळखते आणि कविता करते, याहून जास्त एक्स्पोजर तुमच्याकडे असेल तर कळवा. आणि पत्रातलं आमंत्रण अजून कायम आहे, असंही सांगितलं. नेत्रा मिस तिथेच बसल्या होत्या म्हणे. सगळं ऐकल्यावर त्यांनी फोन घेऊन एवढंच विचारलं की भिवंडीत नक्की कुठे. मी ब्राह्मण आळी, बिल्डिंग, मजला सगळं सांगितलं. कशाला हवंय ते कळेना. नावाची नोंद करून ठेवणार असतील. मला तेही टोचलं.

आता दुसरं. तुमच्या पाकिटात गंधारचं पत्र होतं. ते वाचून मी गॅस बंद करून ओट्याला टेकून उभी राहिले. इथे आम्ही सगळे वल्लूचं अर्धं वाक्य झेलायला टपलेले असतो. तिने पा म्हटलं की मी पाण्याचा ग्लास पुढे करते. तिला पुढचं बोलायची गरजच पडत नाही. तुमच्या घरात मात्र बोलल्याशिवाय तिला पाणीच काय, ट्रकसुद्धा मिळत नाही. बाबा, कवितेचं नाव पुढे करू नका. हा विजय तुमच्या कानांचा आहे.

म्हणून माझी अट मी फिरवते. कानयंत्र लावायचं नाही. जून संपेपर्यंत कपाटाला हात लावायचा नाही. केदार काही म्हणाला तर मला सांगा. शिबिरातलं नाव काढलंय. तक्ता उलटाच राहू दे.

पण पत्र लिहिण्याआधी मला विचारायला हवं होतं. ते मी विसरणार नाही.

भांडण चालू ठेवून माया कायम ठेवावी.
तुमची,
अदिती


भिवंडी
गुरुवार, २२ मे

चि. सौ. अदितीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र अनसूयेला दोनदा वाचून दाखवले. प्रिन्सिपल बाईंना तू जे सुनावलेस तिथे ती टाळ्या वाजवायच्या बेतात होती, हातात पोळीची कणीक होती म्हणून राहिली. कानांचा विजय हे मात्र मला मान्य नाही. कान कवितेचेच नोकर आहेत. असो. यंत्र कपाटात राहील, या खेपेस तुझ्या हुकमाने.

शाळेला लिहिल्याचा मला पश्चात्ताप नाही. तुला विचारले असते तर तू नको म्हणाली असतीस, आणि मग मला तुझा शब्द मोडून लिहावे लागले असते. ते जास्त वाईट झाले असते. आयुष्यभर साहेबांपुढे मान तुकवून अहवाल लिहिले, आता एकदा मान वर करून लिहिले. मूल म्हणजे तपासणीचा माल नव्हे. पुन्हा सीनियर केजीत बसवतो म्हणाले तर मी तिला तिथून काढून इथल्या शाळेत घालीन, पायी पोचवीन, आणि वर्गात मुकी बसू लागली तर खिडकीबाहेर उभा राहून टेबल बडवीन. हे मी रागाच्या भरात लिहीत नाही, सावकाश विचार करून लिहितो आहे.

पण तुझ्यापासून एक लपवायचे नाही. मलाही जूनची धास्ती आहे. परवा जानकीबाईंकडे पाहुण्या आल्या होत्या, त्या वल्लरीची कीर्ती ऐकून वर आल्या. तिला समोर बसवले, हनुवटीला हात लावला, तोंडाकडे टक लावून पाहिले आणि म्हणाल्या, म्हण पाहू ती ट्रकची कविता. संपले. पोरीने ओठ असे मिटले की दात दुखावेत. माझ्या धोतराचा सोगा मुठीत धरून बसली. बाई गेल्यावर मला विचारते, त्यांना ऐकू येत होतं का. मी म्हटले, हो. तर म्हणाली, मग मी कशाला ओरडू. या प्रश्नावर माझी सगळी कविता थिटी पडली. आपल्यात ती भोंगा आहे, पण कोणी तोंडाकडे पाहत बसले की काय करायचे? जूनमध्ये तुझ्या त्या बाई नेमके तसेच बसणार. पुढ्यात कागद, डोळे तिच्या ओठांवर. मी दिवसभर हट्टाने ताठ असतो, पण वल्लरी हात धुवायला गेली की खचतो. तुला एकटीला लिहितो आहे, गंधारला या पाकिटाजवळ फिरकू देणार नाही.

आता दुपार आहे. अनसूया झोपली आहे. मी टेबलाशी, मुले चादरींचे तंबू ठोकून बसली आहेत. बेल वाजली असावी, कारण वल्लरी धावत दाराकडे गेली. मला बेल ऐकू येत नाही, म्हणून दुपारचे दार तिच्याकडे असते. कडी तिच्या हाताला लागत नाही, तेव्हा बंद दारातूनच चौकशी करायची आणि मला ओरडून कळवायचे, अशी रीत पडली आहे. एक मिनिट थांब, तिचे म्हणणे ऐकतो.

ती सांगते, बाहेर कोणी बाई आहे. घरात कोन हाय का, असे विचारते. राहनाळहून आली म्हणते. बोलण्यावरून भाजीवाली दिसते, तर परत पाठवू का. मी म्हटले, भाजी सकाळीच घेतली. वल्लरीने दाराला तोंड लावून तिला खणखणीत बजावले की आम्हाला आज भाजी नको, आत्याआजी झोपली आहे, आमची शाळा चालू आहे, आणि जिन्यातल्या कापडावर पाय देऊ नका, त्याचे मोजमाप व्हायचे आहे. बाहेरून काही उत्तर आले असावे, कारण तिने पुन्हा सांगितले की नाही, मेथीसुद्धा नको. या घरात अशी फर्माने आता रोज सुटतात. तू असतीस तर हसून हसून

अदिती, पुढचे जसे घडते आहे तसे लिहितो. गंधार स्टूल ओढून चढला आणि दाराच्या भोकातून पाहून पांढराफटक होऊन माझ्याकडे आला. माझ्या कानाशी दोन्ही हातांची ओंजळ करून त्याने सांगितले की ती भाजीवाली नाही, ती वल्लूची नेत्रा मिस आहे. साडी नेसली आहे, पायांत साध्या चपला आहेत, हातात आंब्यांची पिशवी आहे, म्हणून आधी ओळखली नाही. राहनाळ इथून जवळच, तिथे हिचे माहेर असणार! म्हणून पत्ता विचारला होता तर. आणि ती इस्त्रीचे इंग्रजी बोलणारी बाई माहेरी आली की हाय-न्हाय बोलते. वल्लरीने तो आवाज कुठून ओळखावा? तिने आजवर दुसराच ऐकला आहे.

गंधार मला दार उघडा म्हणून खुणावतो आहे. मी नाही म्हणून मान हलवली. थोडा वेळ नाही उघडत. दोघींच्या मधे दार आहे तोवर कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नाही.

आता वल्लरी माझ्याकडे वळून ओरडते आहे. म्हणते, आजोबा, ही बाई विचारते की दारातून बोलणारी मुलगी कोण, आणि वल्लरी घरात आहे का. काय सांगू?

मी म्हटले, तुला विचारले आहे, तूच सांग.

तिने दाराला तोंड लावले आणि सांगितले. सगळी आळी ऐकेल एवढ्या मोठ्याने, नाव, आडनाव आणि वर्गासकट. वर्ग तिने पहिली सांगितला.

गंधार पुन्हा स्टुलावर चढला आहे. तो म्हणतो, मिस दाराकडे कान करून थांबल्या आहेत.